सुभेदाराच्या मळईतले ढालकिडे

सरकारी पंपावर गोमूत्र शिंपडताना मी सुभेदाराला पाहिलं, आणि त्याच दिवशी ठरवलं की या माणसाचं वाटोळं करायचं. कसं, ते ठरलं नव्हतं. पण ठरलं होतं. आज पन्नाशीला टेकलोय. यातलं निम्मं मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि जे सांगितलं ते माझी बाजू झाकली जाईल अशा बेतानं सांगितलं. आता झाकत नाही.

कोयनेचा भूकंप व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी शेतकी खात्यात फील्डमन होतो. कराडहून कृष्णाकाठानं सांगलीकडं उतरत गेलं की जी गावं लागतात, त्यातली सहा माझ्याकडं होती. त्यात एक माझं स्वतःचं. ज्या गावात माणूस कुणाचा कोण हे सगळ्यांना पाठ असतं, त्या गावात त्याला सरकारी माणूस म्हणून पाठवू नये. पण मी विनंती केली होती. मला माझ्या गावात खाकी पँट घालून फिरायचं होतं.

पंप पितळी टाकीचा होता. पाठीवर बांधायचा, एका हातानं दांडा हलवायचा, दुसऱ्या हातानं नळी फिरवायची. साऱ्या गावाला मिळून एक; पंचायतीच्या खोलीत ठेवायचा आणि पाळीपाळीनं न्यायचा. नवा आला त्या दिवशी मी तो पाठीला लावून, साधं पाणी भरून चावडीपुढं चालवून दाखवला. पहिली पाळी सुभेदाराची. गावात त्याच्याएवढी बागायत कुणाची नव्हती, म्हणून पहिली. मी पंप उतरवून खाली ठेवला. त्याच्या गड्यानं पट्ट्याला हात घातला, तसा सुभेदार म्हणाला, "थांब रं."

गड्याला त्यानं घराकडं पिटाळलं. गडी तांब्या आणि आंब्याचा डहाळा घेऊन आला. सुभेदारानं गोमूत्र पट्ट्यांवर शिंपडलं, दांड्यावर शिंपडलं, टाकीवरही थोडं.

गर्दीतल्या एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. "आवं सुभेदार, त्यात इख भरायचं हाय. इखाला कसला इटाळ?"

"इखाला न्हाई. पट्ट्याला हाय," सुभेदार म्हणाला. "उद्या माज्या गड्याच्या पाठीला लागणार न्हवं का त्यो?"

लोक हसले. कडेला, लिंबाच्या सावलीत, माझा बाप उभा होता. पोरगा सरकारी पंप चालवून दाखवणार म्हणून धुतलेला सदरा घालून आला होता. तोही हसला. हात जोडलेले, मान थोडी तिरकी, आणि ते हसू. सुभेदाराला मी एक वेळ विसरलो असतो. ते हसू विसरता आलं नाही.

त्या काळी मी सुभेदाराला अहो-जाहो करायचो. इथं करणार नाही.

माझ्या बापाला, म्हणजे आबाला, नदीच्या अंगाला वतनातली दीड एकर जमीन होती. त्यातली पाऊण एकर मळई. पावसाळ्यात कृष्णा तिच्यावरून जायची आणि उतरताना गाळ टाकून जायची. त्या गाळात वांगी. कृष्णाकाठचं वांगं ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको, न खाल्लेल्याला सांगून उपयोग नाही. पण गावातली ती सगळी वांगी एका माणसाच्या बियाण्याची होती, हे सांगायला हवं. आबाच्या.

आबा दर वर्षी आठ-दहा झाडं निवडायचा. त्यातल्या एकेका फळाला लाल चिंधी बांधायचा. ते तोडायचं नाही. ते तसंच झाडावर पिवळं, मग तपकिरी होऊ द्यायचं. फाल्गुनात ते फोडून बी धुवायचं, राखेत घोळायचं, गाडग्यात भरायचं. पाणी उतरायच्या सुमारास आबाच्या दारात रोपांचा वाफा तयार असे आणि सारा गाव रोपं न्यायला आमच्या वस्तीवर येई. आबा त्याचं काही घेत नसे. लोक म्हणायचे, "आबा, तुज्या हातानं उपटून दे गड्या. तुज्या हाताला गुण हाय." त्याच हातचं पाणी त्यातला एकही प्यायचा नाही. मातीतून आलेल्या वस्तूला विटाळ नसतो, असा त्यांचा सोयीचा कायदा होता. सुभेदारही रोपं न्यायचा. स्वतः यायचा. वाफ्यापाशी उभा राहून छडीनं दाखवायचा: "ते दे. ते नगं. ते दे."

छप्पन साली आम्ही धर्म बदलला. आबानं मेलेली जनावरं ओढायचं सोडलं, सणाची भाकरी मागायचं सोडलं. घरातले देव नदीत सोडले. सगळं सोडलं, पण रोपं द्यायचं सोडलं नाही. मी एकदा म्हणालो, "कशाला देता? आदी पिऊ द्या की त्यास्नी आपल्या हातचं पाणी." आबा म्हणाला, "गावात माजं म्हणून तेवढंच हाय रं. ते बी काढून घीऊ?"

एवढं लक्षात ठेवा. पुढं जे गेलं ते हेच गेलं.

आता सुभेदाराच्या पावडरीबद्दल. लढाईत तो ब्रह्मदेशाच्या बाजूला होता. तिथं पलटणीवर, तंबूवर, अंगातल्या कपड्यांवर डीडीटी मारत. तो परत आला तो त्या पावडरीचा भक्त होऊनच. खात्याचा माणूस गावात पोचायच्या कितीतरी आधी हा सांगलीहून पावडर आणायचा. पातळ फडक्याची पुरचुंडी करायची, ती काठीला बांधायची आणि सकाळी दंव असताना वांग्यावरून ठोकत जायचं. दर आठ दिवसांनी. दहा-बारा वर्षं. कीड असो नसो. "दुश्मन दिसायच्या आदी बंदोबस्त," म्हणायचा. त्याची मळई ओढ्याच्या पलीकडं, वरच्या अंगाला होती. मध्ये बाभळीचं बन आणि उसाचा मोठा पट्टा. त्याच्या वांग्याची पानं कायम पिठात लोळल्यासारखी. आबाच्या मळईत पावडरीचा कण गेलेला नव्हता. आबा फार तर राख टाकायचा.

खात्यानं मला सहा महिने शिकायला पाठवलं होतं. तिथं काचेच्या पेटीत टाचण्यांवर लावलेले किडे असत. त्यात दोन भुंगे शेजारी शेजारी होते. दोन्ही मसुराच्या डाळीएवढे, दोन्ही ठिपक्यांचे. एक मळकट तांबूस, अंगावर बारीक लव, ठिपके मोजवणार नाहीत इतके. हा वांग्याची पानं खरवडून जाळी करतो. दुसरा चकचकीत, नारिंगी, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा नाहीतर मोजके ठिपके. हा पानाला तोंड लावत नाही, पानांचा रस शोषणारा मावा खातो. आमच्याकडं याला ढालकिडा म्हणतात, पाठ ढालीसारखी म्हणून. शिकवणारे साहेब म्हणाले होते, "या दोघांत गल्लत करू नका. डीडीटीनं मावा फारसा मरत नाही, पण हा मात्र हमखास मरतो. मग मावा मोकाट."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. ते पुढं अशा कामाला येईल असं साहेबांना वाटलं नसेल.

पौषात मी चावडीवर किडींची माहिती द्यायला बसलो. पंप आल्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी. पंधरा-वीस माणसं होती. सुभेदारानं हातरुमालाची गाठ सोडून माझ्यापुढं टाकली. हातात द्यायला नको म्हणून जमिनीवर. आत चार-पाच भुंगे. "ह्यो कोन? पावडर मारून बी माज्या मळईत लय झालाय."

ढालकिडे होते. चकचकीत, नागमोडी रेघांचे. एकानं घाबरून माझ्या बोटावर पिवळा रस सोडला. त्याचा कडू वास मला अजून आठवतो. मी ते उलटे-पालटे करून पाहिले. जितका वेळ लागायला हवा त्याहून जास्त वेळ लावला. आणि म्हणालो, "पानं खाणारा भुंगा आहे. ठिपक्यांचा. वेळीच मारला नाही तर मळई जाळून टाकेल."

"पावडरीनं मरंना."

"फडक्यानं ठोकून मरायचा नाही. पाण्यात मिसळायची डीडीटी घ्या. पंपानं मारा. पानाच्या खालनं, वरनं, चिंब. आणि पुस्तकात लिहिलंय त्याच्या दीडपट माप टाका."

"दीडपट?"

"माजलाय ना? मग दीडपट."

दुसऱ्या कुणी विचारलं, "आमीबी मारायचं का?" मी होय म्हणालो. सगळ्यांसमोर एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं कसं सांगणार? बाकीच्यांची वांगी फार नव्हती, बहुतेकांना पंपाचा कंटाळा होता. मारणार नाहीत असा माझा हिशेब. मनात मी सुभेदाराची मळई पाहत होतो. शेंड्यांना मावा लागलाय, पानं चिकट झालीत, त्यावर काजळी धरलीय, आणि हा छडी घेऊन मध्ये उभा आहे. त्या दिवशी मी घरी जाताना शीळ घातली. मला शीळ घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचायतीची खोली उघडली, तर दारात आबा. धुतलेल्या सदऱ्यात.

"पंप दे."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? तूच काल सांगितलंस न्हवं? मी मागं बसलो व्हतो." मग जरा हसून, "सुभेदाराच्या आदी मारतो. लोकास्नी दिसू दे, फील्डमनच्या बानं पयलं मारलं."

आता इथं मला थांबलं पाहिजे, कारण मी आजवर ही जागा नेहमी उडी मारून ओलांडली आहे. बायकोला सांगताना म्हणालो, "आबांनी मला न विचारताच मारलं." खोटं. त्यांनी माझ्यासमोर मारलं. पट्टे लांब होत होते, आबाचे खांदे बारीक. मी माझ्या हातानं ते दोन-दोन घरं आवळले. माप मी टाकलं. दीडपट.

न सांगण्याचं कारण साधं होतं. आबाला खरं सांगितलं असतं तर तो माणूस तसाच उठून सुभेदाराच्या दारात गेला असता आणि हात जोडून म्हणाला असता, "पोराचं चुकलं, मारू नगासा." माझी नोकरी गेली असती, ते वेगळं. पण नोकरीचा विचार मला नंतर सुचला. त्या क्षणी एवढंच वाटलं, की हा बाप माझा सूड वाया घालवेल. पाऊण एकर मळईला काय होतंय, एवढ्यानं काय व्हायचंय, असं मनाला सांगितलं आणि पट्टा आवळला.

आबानं दिवसभर फवारलं. पाठ ओली झाली तरी उतरवला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता, "पोराचं अवशद हाय."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सुभेदाराकडं फवारणी झाली. पंपावर पुन्हा शिंपडून. मी उभा राहून देखरेख केली. पानं चिंब होऊन टपटप गळत होती. ढालकिडे झाडावरून टपाटप खाली पडले. उताणे, पाय वर, थरथरत. मी वाकून मोजले नाहीत. डोळे भरून पाहिले. सुभेदार म्हणाला, "शाब्बास. गड्या, शिकलास खरा." त्याच्या तोंडची ती एक शाबासकी. मला तेव्हा गोड लागली, हेही लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. मातीवर ढालकिडे नव्हते. वाटलं, मुंग्यांनी नेले असतील. मग एका पानाखाली पाहिलं. बसला होता. चकचकीत. शेजारच्या पानाखाली दोन. एक खालून बुंध्यावरनं वर चढत होता. पाय जरा अडखळत होते, पण चढत होता. काही मेले असतील, पण बहुतेक उठले होते. आणि बसले होते ते मावा खात. पांढरी पावडर वाळलेल्या त्याच पानावर, जणू मीठ लावलेली काकडी.

मी तिथून धावत आबाच्या मळईत आलो. धावत म्हणजे खरंच धावत, ओढ्यातून, पँट भिजवत. तिथं माती नारिंगी ठिपक्यांनी भरलेली होती. चार दिवस झाले होते, मुंग्या ओढून ओढून थकल्या असाव्यात. एकही हलत नव्हता. मी बसून एकेक झाड खालून-वरून पाहिलं. पानाखाली मावा होता, शेंड्याला मावा होता. खाणारा कुणी नव्हता.

पंधरा दिवसांत आबाची वांगी काळी पडली. आधी पानं तेल लावल्यासारखी चमकू लागली, मग त्या चिकट्यावर काजळी बसली. फुलं गळाली. गावातली माणसं बांधावरून बघून जायची. "फील्डमनच्या बाची वांगी रं," म्हणायची. कुणीतरी म्हणालं, "आबाच्या हाताचा गुण गेला." आबानं ते ऐकलं. मावा हातानं चिरडत, रोज सकाळी ओल्या फडक्यानं पानं पुसत तो एकेका सरीत बसलेला असायचा. चिंधी बांधलेली फळं तेवढी त्याला वाचवायची होती. बाकी सगळं जाऊ दे, म्हणायचा, दहा फळं राहू देत.

मी वरच्या माळावर गेलो. तिथं कोरडवाहू करडईला मावा असतो आणि माव्यावर ढालकिडे असतात. फडक्याच्या झोळीत शेकड्यानं आणले आणि चिंध्यांच्या झाडांवर सोडले. दुसऱ्या दिवशी ते सगळे मातीवर उताणे. पानांवरची पावडर अजून जिवंत होती. माळावरच्या किड्यांनी पावडर कधी पाहिलेली नव्हती. त्यांना ती पानावरून चालतानाच बाधली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढं कित्येक वर्षांनी एका साहेबांनी मला तो नीट शब्दांत सांगितला: दर फवाऱ्याला कच्चे मरतात, एखाद-दुसरा चिवट राहतो, त्याची पिल्लं चिवट, त्यातही पुन्हा निवड होते, आणि दहा-बारा वर्षांत अशी जात तयार होते की तिला ते विष पचतं. किडीच्या बाबतीत हे आधी कळलं, मित्रकिड्यातही होतं हे लोक नंतर मानायला लागले. मी मान डोलावून ऐकलं. मला ते बांधावर बसून कळलं होतं. सुभेदारानं स्वतःच्या हातानं, दर आठ दिवसांनी, त्याला नकळत, आपले राखणदार घडवले होते. मी त्यांना मारायला निघालो होतो तेव्हा ते कधीच मरणाच्या पलीकडं गेलेले होते. आणि माझा बाप राखेवर शेती करणारा. त्याचे किडे कच्चे.

आबाच्या विषारी पानांवर जगतील असे ढालकिडे पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होते.

मी भर दुपारी गेलो, सुभेदार जेवून पडलेला असतो तेव्हा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला होता, झाकणाला भोकं पाडून. तासाभरात अर्धा डबा झाला. मान वर केली तर बांधावर छडी.

"काय रं? काय वेचतूस?"

"नमुना," मी म्हणालो. "हापिसात पाठवायचाय."

"उघड बगू."

मी झाकण जरासं सरकवलं. तो वाकला नाही, लांबूनच पाहिलं. "येवढा नमुना? ही तर पलटण हाय."  लढाईत राहिलेला माणूस. त्याला कोण कुठं का रांगतंय ते कळायला वेळ लागत नसावा. "तुज्या बाच्या मळईत एकबी भुंगा ऱ्हायला न्हाई म्हणं. अन् वांगी मातूर गेली. माजी मळई भुंग्यानं भरलीया अन् वांगी हिरवीगार." छडी त्यानं डब्यावर टेकवली. "शिकलेल्या मानसा, ह्यो पानं खातो व्हय रं?"

मी झाकण पुन्हा सरकवून बसवलं.  त्यानं एक अर्ज केला असता तर मी दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो.

"ने," तो म्हणाला. "ने तुजा नमुना."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मारलं असतं तर त्याहून बरं. त्यानं मला दया दाखवली, आणि त्यासाठी मी त्याचा, पंपाच्या वेळी केला त्याहून जास्त, द्वेष केला. आजही करतो.

डबा घेऊन मी मळईत आलो. आबा चिंधीच्या झाडापाशी बसला होता. मी झाकण काढलं आणि किडे झाडावर ओतले. ते पानांवर पसरले, पानाखाली गेले. आबानं एक बोटावर घेतला, त्याच्याकडं बघत राहिला.

"ह्यो तर मावा खाणारा," म्हणाला.

मी डबा खाली ठेवला. "तुमाला ठावं हाय?"

"ल्हानपणापास्नं बगतोय. ठावं नसंल व्हय?"

"मग मारलं कशाला?"

आबानं किडा हळूच पानावर सोडला. "तू म्हणालास की. मला वाटलं, तू शाळा शिकलाईस. माजंच बगण्यात कायतरी चुकत आसंल."

पुढं तो बराच वेळ पान पुसत राहिला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "सुभेदारासाटनं बोलला व्हतास न्हवं त्ये?"

मी मान हलवली. हो अशी, की नाही अशी, ते मलाही सांगता येणार नाही. आबानं परत कधी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, मरेपर्यंतही नाही.

सुभेदाराचे ढालकिडे जगले. आठवडाभरात त्यांनी शेंडे साफ केले, झाडांना नवी पालवी आली, शेवटी-शेवटी चार वांगीही लागली. पण चिंधीची फळं तोवर झाडावरच चुरमडून गेली होती. आबानं ती तरीही फोडली. आत बी होतं, पण पोचट. पाण्यात टाकलं तर सगळं वर तरंगलं. आबा त्या भांड्याकडं बघत बसला. मी बोटानं एकेक दाणा खाली दाबून पाहिला. तो परत वर यायचा.

फाल्गुन संपायच्या आत आबा सुभेदाराकडं गेला. मी म्हणालो होतो, जाऊ नका, मी सांगलीच्या बाजारातनं बी आणतो. "त्ये आपलं न्हाई," आबा म्हणाला. "आपलं त्याच्याकडं हाय." मी मागोमाग गेलो आणि रस्त्यावरच थांबलो. सुभेदार ओट्यावर, आबा अंगणात. सुभेदारानं दोन पिकली वांगी वरनं सोडली, आबानं उपरण्याचा झोळ करून झेलली.

"बी तुजंच हाय म्हणा," सुभेदार म्हणाला. "अन् पोराला सांग. आमचं किडं बी आमच्यासारकंच. मरत न्हाईत."

आबा हसला. तेच. हात झोळात गुंतले होते म्हणून जोडता आले नाहीत, एवढाच फरक.

लोक म्हणतात की तसलं हसू म्हणजे शहाणपण असतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं विष पचवून चिवट झालेला माणूस असा हसतो. मीही एकदा तसं म्हणून बघितलं. मला ते पटत नाही. माझा बाप किडा नव्हता. त्याला ते विष बाधत होतं, दर वेळी बाधत होतं. आणि त्या वर्षी त्याला ते पाजायला मी पट्टा आवळून दिला होता.

पुढच्या वर्षापासून रोपं न्यायला लोक सुभेदाराच्या दारात जाऊ लागले. आबाकडं बी होतं, वाफा होता, रोपं तरारलेली होती. दोघं-तिघं जुने आले. बाकीच्यांना वाटलं, एकदा गुण गेला तो गेला. आबा उरलेली रोपं उपटून नदीत सोडायचा. सात वर्षं त्यानं तसं केलं. मग तो गेला. मी बदली मागून घेतली. आधी सातारा, मग मिरजेकडं. नोकरीत मी चांगला माणूस म्हणून ओळखला जातो. कमी बोलणारा.

सुभेदार आबाच्या नंतर बरीच वर्षं जगला. त्याची मळई पुढं उसाखाली गेली. त्यात वांगी नाहीत, म्हणजे ते बीही नाही. माझ्या मुलांना मी शेती शिकवली नाही, पण दारातल्या तुकड्यात दर वर्षी दहा झाडं लावतो आणि एका फळाला लाल चिंधी बांधतो. ते बी आता फक्त माझ्याकडं आहे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दारात मोटारसायकल थांबली. तिशीचा माणूस, अंगावर चांगले कपडे. सुभेदाराचा नातू. त्याला मी ओळखलं नाही, छडी धरायची ती मनगटाची ठेवण ओळखली. म्हणाला, "काका, तुमच्याकडं ते जुनं वांगं हाय असं ऐकलं. आजोबा शेवटपर्यंत नाव काढायचे. म्हणायचे, तसली वांगी परत झाली न्हाईत."

किती वर्षं मी याची वाट पाहिली होती. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. त्याला उन्हात उभं करायचं होतं. छडीनं दाखवून एकेक रोप द्यायचं होतं. वरनं सोडायचं होतं.

बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यानं तांब्या तोंडाला लावून, घटाघटा, निम्मं पाणी पिऊन टाकलं. काही विचार न करता. आणि म्हणाला, "गार हाय पाणी."

मी त्याला रोपं दिली. पंचवीस. माझ्या हातानं उपटून, केळीच्या ओल्या सोपटात बांधून. आबासारखंच. "कीड लागली तर फवारू नका," म्हणालो. "नारिंगी भुंगा दिसला तर त्याला हात लावू नका. तो चांगला." एवढं खरं त्या घराला सांगायला मला इतकी वर्षं लागली.

तो गेल्यावर मी तांब्या उचलला आणि मोरीत नेऊन राखेनं घासला. आतून, बाहेरून, मग पुन्हा आतून. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अहो, हे काय करताय? तो आपल्याच हातचं पाणी पिऊन गेला ना?"

"हो," मी म्हणालो, आणि घासत राहिलो.